एकच बॉक्स, चार खुर्च्या : आवाजाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, की इथे बसलं की आवाज मस्त लागतो आणि तिथे बसलं की कसातरीच, तर मग इक्यू (सुरांच्या पट्ट्या वर-खाली करणारं यंत्र), फिल्टर (ठरावीक सूर कापणारा किंवा वाढवणारा), डीएसपी (हे सगळं करणारा डिजिटल डबा) असं काहीतरी लावून सगळीकडे सारखं करता येईल का. सगळी पत्रं नाशिकच्याच वेगवेगळ्या भागांतली आहेत, कुणाचं घरातलं आहे, कुणाचं देवळातलं, कुणाचं मंडळाचं, म्हणून एकत्रच घेतोय. लांब पत्रं थोडी कापली आहेत.

इंदिरानगरहून एक ताई लिहितात : आमचा हॉल १५ फूट बाय ११ फूट, स्लॅब १० फुटांवर. टीव्हीशेजारी कोपऱ्यात सबवूफर आहे. मिस्टरांनी नवीन रिसीव्हर आणला आणि त्याच्यासोबत आलेला छोटा माईक स्वतःच्या खुर्चीवर ठेवून ऑटो सेटिंग केलं. त्यांना आता एकदम थेटरात बसल्यासारखं वाटतं. पण सासरे मागच्या भिंतीला टेकून दिवाणावर बसतात, ते म्हणतात छातीत धडधडतंय, बंद करा ते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसते, तिथे तिसरंच काहीतरी. सगळ्यांना चालेल असं एक सेटिंग होऊ शकतं का?

ताई, बऱ्याच अंशी होऊ शकतं, पण आधी माईक कुठे ठेवला होता ते बघायला हवं, सगळी गोम तिथेच आहे. तुम्ही काढून पाठवलेल्या नकाशात मिस्टरांची खुर्ची हॉलच्या लांबीच्या जवळजवळ मध्यावर आहे. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, या वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की उत्तर येतं ३७.५ हर्ट्झ. या सुराला तुमचा हॉल स्वतःच साथ देतो. समोरच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर आणि तिथून परत असा हा आवाज खोलीत उभा राहतो, दोन्ही भिंतींपाशी भरपूर आणि बरोबर मध्यावर जवळपास काहीच नाही. आता माईक ठेवला मध्यावर, त्याला तिथे ३७-३८ हर्ट्झचा मोठा खड्डा दिसला, रिसीव्हरने तो भरायला तेवढाच सूर जोरात वाढवला. आणि सासरे कुठे बसलेत, तर जिथे तो सूर आधीच सगळ्यात जास्त होता तिथे! फिल्टर बॉक्सला लागतो, खुर्चीला लागत नाही. एकाला आमटी अळणी लागली म्हणून अख्ख्या पातेल्यात मीठ घातलं तर बाकीच्यांच्या ताटात काय येणार, तेच झालंय.

विश्वास बसत नसेल तर दुपारी घरात शांतता असताना करून बघा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, ३८ हर्ट्झ लावा आणि तो आवाज सिस्टिमवर सोडा, बेताच्याच आवाजात, उगाच मोठा करू नका. दिवाणावर बसा, मागच्या खिडकीची काच हलकेच गुणगुणेल, शोकेसमधली एखादी वाटी वाजेल, पोटात जाणवेल. मग उठून सावकाश टीव्हीकडे चालायला लागा. पावलागणिक आवाज पातळ होत जाईल, खुर्चीपाशी आलात की वाटेल कुणी सिस्टिम बंदच केली की काय, आणि अजून तीन-चार पावलं पुढे गेलात की परत भरून येईल. बॉक्स तोच, सेटिंग तेच, फक्त तुम्ही चाललात. हे एकदा कानाने ऐकलं की इक्यू काय करू शकतो आणि काय नाही ते आपोआप कळतं.

आणि तो खड्डा वाढवून वाढवून भरायचा प्रयत्न तसाही महागात पडतो. ३ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) वाढवायला दुप्पट पॉवर लागते, १० डीबीला दहापट. सबचा कोन जीव तोडून पुढेमागे हलतो, आवाज फाटायला लागतो आणि मध्यावरच्या खुर्चीला त्यातलं फार थोडं मिळतं. म्हणून खड्डे भरू नका, टेकड्या कापा.

आता कुठल्या टेकड्या कापायच्या, तर ज्या सगळ्यांच्या जागेवर दिसतात त्या. तुमच्याच हॉलचं उदाहरण घेऊ. स्लॅबची उंची १० फूट, तिचा स्वतःचा सूर येतो ५६ हर्ट्झच्या आसपास. खाली बसणाऱ्या सगळ्यांचे कान जमिनीपासून साधारण सारख्याच उंचीवर असतात ना, सासरे असोत, तुम्ही असा की मिस्टर, त्यामुळे हा ५६ चा फुगवटा तिघांनाही साधारण सारखाच ऐकू येणार. तिथे एक अरुंद फिल्टर लावून तो सूर खाली आणला की तिघांचंही एकदम भलं होतं, आणि नुसता मोठेपणा कमी होत नाही तर तो सूर मागे रेंगाळायचा, घुमत राहायचा, तेही कमी होतं. लांबीचा ३७.५ मात्र प्रत्येकाला वेगळा, तिथे एकट्या फिल्टरने तिघांना खूश करता येत नाही.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे ऑटो सेटिंग परत करा आणि या वेळी रिसीव्हर जितक्या जागा विचारेल तितक्या सगळ्या द्या, मिस्टरांची खुर्ची, दिवाणावर दोन ठिकाणी, तुमची दाराजवळची जागा. माईक गादीवर टाकायचा नाही, मोबाईलच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला धरायचा, पंखा बंद, आणि कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आधी उरकून घ्यायचं. अनेक जागांचं माप एकत्र घेतलं की एका खुर्चीचे हट्ट बाजूला पडतात आणि सगळ्यांचं सामाईक दुखणं वर येतं.

दुसरं, मिस्टरांची खुर्ची दीड-दोन फूट पुढे किंवा मागे सरकवा. फुकटचा उपाय आहे आणि कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त काम करतो, कारण खड्ड्याचा तळ अगदी मध्यावर असतो, तिथून थोडं हललं तरी बराच फरक पडतो. दिवाण भिंतीपासून सरकवायचा म्हटलं तर फूटभराने काही होत नाही, पावणेचार फूट तरी पुढे आणावा लागेल आणि १५ फुटी हॉलमध्ये ते तुम्हाला परवडणार नाही, म्हणून तो राहू द्या.

तिसरा उपाय खर्चाचा आहे पण खरा उपाय तोच. दुसरा सबवूफर. लोक समजतात दुसरा सब म्हणजे अजून दणका, तसं नाहीये. एक सब समोरच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा तसलाच मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला, दोघांना सारखाच सिग्नल दिला, तर लांबीचा तो ३७.५ चा सूर एका टोकाने उचलला जातो आणि दुसऱ्या टोकाने दाबला जातो, तो उभाच राहत नाही. रुंदीचा पहिला सूर, तुमच्याकडे ५१ च्या आसपास, त्याचाही मध्यावर खड्डा असतो म्हणून मध्यावरचा सब त्यालाही चेतवत नाही. हे नुसतं माझं मत नाही, हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ च्या सुमारास किती सब आणि कुठे कुठे ठेवावेत यावर सविस्तर काम केलंय, त्यातही समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ही मांडणी चांगली निघाली आणि चारही भिंतींच्या मध्यावर चार ही त्याहून सरस. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की असं केल्यावर सगळ्या खुर्च्यांवरचा आवाज एकमेकांसारखा होतो, भले तो अजून सपाट नसेल, आणि सगळीकडे सारखाच वाकडा असलेला आवाज सरळ करणं हे फिल्टरचं हक्काचं काम आहे. सासऱ्यांचं धडधडणंही त्यानेच थांबेल.

वरच्या आवाजाच्या, म्हणजे तुमच्या हॉलसाठी साधारण २०० हर्ट्झच्या वरच्या भागात मात्र माईकचं ऐकून बारीकसारीक फिल्टर लावू नका. तिथे भिंतींचे इतके सूर एकमेकांत मिसळलेले असतात की डोकं जरा कलवलं तरी आलेख बदलतो. तिथे स्पीकर मुळात चांगला असणं आणि तो समोर जसा वाजतो तसाच बाजूलाही वाजणं हे जास्त महत्त्वाचं. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग हर्मनमध्ये वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवून हेच दाखवलं. टाईल्सच्या उघड्या फरशीवर एक जाड सतरंजी टाका, तेवढ्याने संवाद स्पष्ट होतील. पडद्यांनी बेस थांबेल अशी आशा मात्र ठेवू नका, ३८ हर्ट्झची एक लाट ९ मीटरची असते, तिला पडदा दिसतही नाही.

पाथर्डी फाट्यावरून एक वाचक : माप घ्यायला फोनचा माईक चालेल का? की महागडं काहीतरी घ्यावंच लागेल?

दादा, बोलण्यासाठी बनवलेला माईक आहे तो, बऱ्याच फोनमध्ये खालचा आवाज मुद्दाम कापलेला असतो, वाऱ्याचा आणि हाताळणीचा आवाज येऊ नये म्हणून. आणि तुम्हाला तर नेमका खालचाच भाग मोजायचाय. 'रूम इक्यू विझार्ड' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि फार चांगलं आहे, त्याच्याबरोबर यूएसबीवर चालणारा मोजमापाचा माईक घ्या, ज्याच्यासोबत त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाईल (तो माईक कुठे किती चुकतो त्याची नोंद) मिळते असा, मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ बरेच जण वापरतात. एकट्याने विकत घ्यायचा नसेल तर दोघा-चौघा मित्रांत मिळून घ्या, माप काही रोज घ्यायचं नसतं. एका जागी माईक ठेवून एकच आलेख काढला आणि त्यावर विसंबून फिल्टर लावले असं करू नका, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला सळसळता आवाज) लावून जिथे माणसं बसतात तेवढ्या भागात माईक हळूहळू फिरवत सरासरी काढा, मग जो फुगवटा उरेल तोच खरा.

मखमलाबादहून एका भजनी मंडळाचे सेवेकरी : आमच्या मंदिराचा सभामंडप ६० फूट लांब, ३० फूट रुंद, खाली ग्रॅनाईट, वर स्लॅब, भिंतींना निम्म्यापर्यंत टाईल्स. गाभाऱ्याजवळ दोन बॉक्स आणि मधल्या खांबांवर दोन. सप्ताहात कीर्तन लागलं की पुढे बसलेल्या बायकांचे कान दुखतात आणि मागे बसलेल्यांना महाराज काय बोलले तेच कळत नाही, नुसता आवाज घुमतो. साउंडवाला म्हणतो ३१ पट्ट्यांचा मोठा इक्यू घ्या, सगळं नीट होईल. घ्यावा का?

माउली, इक्यूवर पैसे घालायच्या आधी थोडं थांबा, कारण तुमचं दुखणं वेगळं आहे. मागच्या खांबाशी बसून नीट ऐका. "पांडुरंग" ऐकू येतं, "नामस्मरण" ऐकू येतं, पण "संतकृपा झाली" मधला स, त, क, प गायब होतो, राहतात फक्त स्वर, आणि एक स्वर संपायच्या आत मागचा येऊन त्याच्यावर बसतो. शब्द कळतो तो व्यंजनांवरून, आणि व्यंजनं म्हणजे आवाजाच्या वरच्या भागातले छोटे छोटे ठिपके, ते घुमणाऱ्या स्वरांखाली बुडतात. घुमणं म्हणजे आधी बाहेर पडलेला आवाज ग्रॅनाईट-स्लॅबवर आपटत राहिलेला, तो इक्यूला उशिरा वेगळा काढता येत नाही. इक्यू पट्टी खाली केली की थेट येणारा आवाजही तितकाच खाली जातो आणि घुमणाराही.

यावर पहिलं शास्त्रशुद्ध काम वॉलेस सॅबिन यांनी अमेरिकेत हार्वर्डमध्ये केलं, १८९५ च्या सुमारास. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द कळेना म्हणून त्यांना नेमलं. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एक एक करत वाढवत गेले आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत बसले. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात, आणि ते म्हणतं की घुमणं फक्त दोन गोष्टींवर आहे, जागा किती मोठी आणि आवाज पिणारं किती. सॅबिन पिण्याचं माप "उघडी खिडकी" असं धरायचे, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून बघा, काळाराम मंदिराचा दगडी सभामंडप खांबांवर उभा आणि बाजूंनी मोकळा, तिथे आवाज बाहेर निघून जातो. आपण मात्र नवीन मंडप बांधताना भिंती घातल्या, टाईल्स लावल्या, दारं बंद केली. एक बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज पितो, त्यामुळे काल्याच्या दिवशी मंडप गच्च भरला की आवाज बरा लागतो आणि एरवी सकाळच्या काकड्याला पंधरा माणसांत काहीच कळत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

तर आधी आवाज पिणारं वाढवा. छताला किंवा मागच्या भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे कापडात मढवलेले पॅनल, खाली सतरंज्या, आणि कीर्तनाच्या वेळी बाजूची सगळी दारं सताड उघडी. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतपत आवाज ठेवून अर्थात.

मग बॉक्सची जागा. पुढचे बॉक्स आत्ता पहिल्या रांगेच्या कानाच्या उंचीवर असतील. पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची १६ मीटरवर, म्हणजे आठपट अंतर. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डीबी कमी होतो, म्हणजे पुढच्या आणि मागच्या माणसात १८ डीबीचा फरक, मग पुढे कान दुखणार आणि मागे कळणार नाही हे ठरलेलंच. तेच बॉक्स तीनेक मीटर वर चढवा आणि तोंड खाली, मागच्या माणसांच्या दिशेने कलवा. पहिल्या रांगेपासूनचं अंतर वाढतं, मागचं जवळपास तेवढंच राहतं, शिवाय पहिली रांग बॉक्सच्या तोंडाच्या सरळ रेषेतून बाहेर पडते. बायकांचे कान दुखायचे थांबतील, नुसत्या शिडीच्या आणि चार नटबोल्टच्या जोरावर. पुढेमागे बॉक्स बदलायचे झालेच तर उभट कॉलमवाले घ्या, ते आवाज छताकडे कमी फेकतात.

आता फिल्टरची पाळी, आणि इथे तो खरंच उपयोगी आहे. मधल्या खांबांवरचे बॉक्स पुढच्यांपासून ३० फुटांवर, म्हणजे पुढचा आवाज तिथे पोचायला साधारण २७ मिलिसेकंद लागतात, पण वायरमधून मधल्या बॉक्सला तो लगेच मिळतो. मागे बसलेल्याला मधला बॉक्स आधी आणि पुढचा मागून, असे दोन-दोन महाराज ऐकू येतात. म्हणून मधल्या बॉक्सला डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, लावायचा, २७ अधिक वर दहा-बारा, म्हणजे चाळिसाच्या आत-बाहेर. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवलं होतं की जो आवाज आधी येतो त्याच दिशेला कान मानतो, मागून थोड्याच वेळात आलेला आवाज जरा मोठा असला तरी. त्यामुळे जोर मधल्या बॉक्सचा मिळतो आणि आवाज मात्र महाराजांच्याच तोंडून आल्यासारखा वाटतो. मधल्या बॉक्सला स्वतःचा वेगळा इक्यू द्या, त्यात २५०-३०० च्या खालचं बरंच कमी करा, कारण खालचा आवाज पुढून भरपूर येतोच आहे आणि सगळ्यात जास्त घुमतोही तोच. महाराजांच्या माईकला १०० ते १२० हर्ट्झवर लो कट (त्याच्या खालचं सगळं कापणारा फिल्टर), पखवाजाचा माईक वेगळा. तुमच्या साउंडवाल्याने मधल्या पट्ट्या खाली आणि दोन्ही टोकं वर असा हसऱ्या तोंडासारखा इक्यू ठेवलाय असं पत्रात लिहिलंय, तो आधी सरळ करा, बोलण्याचा जीव त्या मधल्या पट्ट्यांतच असतो. शिट्टी येत असेल तर ज्या सुराला येते तेवढाच बारीक फिल्टरने कापा, अख्खी पट्टी पाडू नका.

हे सगळं करायला दोन आत-चार बाहेर असा साधा डीएसपी पुरतो. ३१ पट्ट्यांचा इक्यू नका घेऊ.

उघड्यावर डिलेचे बॉक्स लावणाऱ्यांसाठी एक जोडून सांगतो. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेसारखा मे महिन्यातला संध्याकाळचा कार्यक्रम आणि दिवाळीतली पहाट यांत हवा किती बदलते बघा, ३५ अंशांना आवाज सेकंदाला ३५२ मीटर जातो, १५ अंशांना ३४०. बॉक्स ६० मीटरवर असेल तर पोचण्याच्या वेळेत ६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. मंडपात याची काळजी नको, मैदानात मात्र डिले त्या दिवशीच्या हवेला बघून लावा.

सिडकोतून एका मंडळाचा कार्यकर्ता : स्टेजच्या दोन्ही बाजूंना बेसचे बॉक्स लावले की मधोमध उभं राहिलं की दणका बसतो, चार पावलं बाजूला गेलं की बेस गायब. डीजेवाल्याने क्रॉसओव्हर (बेस आणि वरचा आवाज वेगळे करणारं बटण) फिरवून बघितलं, काही फरक नाही.

फरक पडणारच नाही मित्रा. ६० हर्ट्झची लाट ५.७ मीटरची. जिथे उभं राहिल्यावर एक बॉक्स दुसऱ्यापेक्षा २.८५ मीटर लांब पडतो, तिथे एकाची लाट वर आणि दुसऱ्याची खाली, दोघं मिळून शून्य. ही जागा प्रत्येक सुराला वेगळी असते, म्हणून एक फिल्टर लावून एका माणसाचं भागवलं तर शेजारच्याचं बिघडतं. सगळे बेसचे बॉक्स एकत्र करा, स्टेजच्या मध्यभागी पुढे एकाला एक चिकटवून. बस्. टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे बॉक्स, दोन्ही बाजूंना राहू द्या. एकत्र केल्यावर तेवढ्याच बॉक्समध्ये जोरही जास्त मिळतो, म्हणजे चार बॉक्स कमी आणले तरी भागेल. आणि बॉक्सला झेपतं त्याच्या खालचं, साधारण ४० च्या खाली, लो कटने कापूनच टाका, अशा बॉक्समधून ते धड ऐकूच येत नाही, फक्त कोन हलतो आणि शेजारच्या इमारतीच्या खिडक्या थरथरतात. तिथे लहान बाळं असतात, आजारी माणसं असतात. आवाज चांगला जमला ना, की तो कमी ठेवूनही लोक थांबून ऐकतात, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

कॉलेज रोडवरून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी : खोलीचा इम्पल्स रिस्पॉन्स (एका टिचकीला खोली कशी घुमते त्याची नोंद) मोजून त्याचा उलटा एफआयआर फिल्टर (आकड्यांच्या लांब यादीने चालणारा डिजिटल फिल्टर) बनवला तर खोलीच पुसली जाईल ना? मग सगळ्या सीटवर परफेक्ट?

ज्या जागी मोजलं त्या जागी, हो, बरंचसं पुसलं जाईल. पण १००० हर्ट्झची लाट ३४ सेंटिमीटरची आणि तुझं पुसणं तिच्या दहाव्या भागाएवढ्या परिघात टिकतं, म्हणजे तीन-साडेतीन सेंटिमीटर. मान वळवली की संपलं, उलट जिथे दुरुस्तीची गरजच नव्हती तिथे तू बिघाड पाठवलेला असतो. शिवाय खोलीचा रिस्पॉन्स मिनिमम फेज (सरळ उलटा काढता येईल असा) नसतो, त्याचा नेमका उलटा काढायला गेलास की फिल्टर मूळ आवाजाच्या आधीच कुजबुजायला लागतो, तबल्याच्या थापेआधी एक फुसकी थाप ऐकू येते. मियोशी आणि कानेदा यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मोजण्याच्या जागांपेक्षा एक स्पीकर जास्त असेल तर त्या सगळ्या जागी नेमका उलटा काढता येतो, गणित फार सुंदर आहे, जरूर वाच. पण कुणी दार उघडलं, कुणी येऊन सोफ्यावर बसलं, खोली दोन अंशांनी तापली, की मोजलेलं सगळं बदलतं.

टॅप्सचाही, म्हणजे फिल्टरच्या यादीत आकडे किती त्याचाही, विचार कर. ४८ किलोहर्ट्झला १०२४ टॅप्स म्हणजे ४७ हर्ट्झची बारीकी, बेसमधला ३७ आणि ५१ वेगळा ओळखायलाही ती पुरत नाही, आणि लिनिअर फेज (सगळ्या सुरांना सारखाच उशीर करणारा) असेल तर १० मिलिसेकंदांहून जास्त उशीर वर. बेसच्या टेकड्यांना साधे आयआयआर पॅरामेट्रिक फिल्टर (सूर, रुंदी आणि जोर एवढंच ठरवायचे) वापर, एका खोलीला पाच-सहा पुरतात. प्रोजेक्ट म्हणून करायचंच असेल तर हे कर, आठ-दहा जागी मोज, सगळ्यांची चूक मिळून कमीत कमी होईल असा एकच फिल्टर काढ, आणि मग ज्या जागी मोजलं नाहीस अशा जागी तो कसा वागतो ते तपास. परीक्षकांना तो शेवटचा आलेख आधी दाखव.

नाशिकरोडहून एक वाचक : आईला टीव्हीतलं बोलणं कळत नाही, ती आवाज ३५-४० वर नेते, मग मुलांना अभ्यास करता येत नाही. तिच्यासाठी ट्रेबल वाढवून ठेवला तर बाकीच्यांना कर्कश लागतं. यावर काही फिल्टर?

या अंकातला हाच एक प्रश्न आहे जिथे एका खुर्चीपुरता फिल्टर सहज लावता येतो, कारण इथे बॉक्सच खुर्चीपाशी नेता येतो. आईच्या खुर्चीशेजारी, कानापासून हातभर अंतरावर एक छोटा स्पीकर ठेवा आणि टीव्हीच्या ऑडिओ आउटमधून त्याला वेगळी लाईन द्या. टीव्हीचा मुख्य आवाज घरच्यांना हवा तेवढाच कमी. वयानुसार कान वरच्या आवाजात उतरतात, म्हणून त्या छोट्या स्पीकरला २०० च्या खालचं कापा आणि २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग ४-५ डीबीने हळूहळू वाढवून बघा, आईला शेजारी बसवून, बातम्या लावून, तिलाच विचारत. गाण्यांवर नका ठरवू, बातमीदाराच्या बोलण्यावर ठरवा. अंतर इतकं कमी की आवाज थोडाच ठेवावा लागतो, दुसऱ्या खोलीत जात नाही.

त्याआधी एकदा कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम मात्र करून घ्या, कधीकधी नुसता मळ असतो, आणि ऐकू कमी येत असेल तर यंत्राची गरज आहे का ते कळेल. आणि स्पीकर ब्लूटूथचा घेऊ नका, त्यात आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि बोलणं नंतर येतं, आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठांकडे बघूनच निम्मं समजत असतात. वायरचाच घ्या, वायर भिंतीच्या कडेने पट्टीखालून न्या, म्हणजे आईच्या पायात येणार नाही.